नोंदवलेला मॅक्रो गेला कुठे?

आपल्या मंडळाच्या शैक्षणिक साहाय्य योजनेची यादी दरवर्षी पावसाळ्यात तयार होते, हे सभासदांना ठाऊकच आहे. वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा या आठही तालुक्यांतून विद्यार्थ्यांचे अर्ज येतात. ते एक्सेलच्या एका पानावर उतरवायचे, तालुकावार लावायचे, प्रत्येक तालुक्यात गुणांच्या क्रमाने मांडायचे, नको ते रकाने लपवायचे आणि छापायचे, असा तो सारा व्याप असतो. हे काम हाताने केले तर एक रात्र जाते. मॅक्रो केला तर पाच मिनिटे लागतात. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात बसून मी तो मॅक्रो नोंदवला, चिटणीसांसमोर चालवून दाखवला आणि मोठ्या समाधानाने घरी गेलो.

पुढच्या बुधवारी, सभेच्या आदल्या रात्री, यादी छापायला बसलो तर मॅक्रो नाही. संपादक उघडून पाहिला, तर डाव्या बाजूला पानांची नावे आणि उजवीकडे नुसता राखाडी पडदा. दोन-तीन वेळा संगणक बंद करून चालू केला. (आपल्याकडे हा पहिला उपाय असतो आणि बहुधा शेवटचाही.) शेवटी आम्ही तिघांनी रात्री साडेअकरापर्यंत बसून यादी हाताने लावली. त्या धांदलीत समुद्रपूर तालुक्यातील एका मुलीचे नाव राहून गेले. वाटपाच्या दिवशी ती वडिलांसोबत एस.टी.ने आली, यादी दोनदा वाचली आणि काही न बोलता मागच्या बाकावर जाऊन बसली. कार्यक्रम संपल्यावर वडिलांनीच विचारले. अर्ज फाईलमध्ये होता, गुण चांगले होते, चूक पूर्णपणे आमची होती. कार्यकारिणीने पुढच्या आठवड्यात रक्कम दिली. पण दोघांचे दोन वेळचे बसभाडे आणि वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच.

मी कला शाखेचा पदवीधर. बी.ए.ला मराठी वाङ्मय आणि इतिहास हे विषय. बँकेत कारकून म्हणून लागल्यावर संगणक हाताखाली आला तो कामापुरता. त्यामुळे मॅक्रो का नाहीसा झाला हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. मात्र शोधताना एक गोष्ट लक्षात आली, की मॅक्रो सहसा नाहीसा होतच नाही. तो असतो कुठे आणि आपण पाहतो भलतीकडे. आणि जेव्हा तो खरोखरच जातो, तेव्हा आपण स्वतःच ‘होय’ म्हणून त्याला निरोप दिलेला असतो. मंडळाच्या अभ्यासिकेत येणारे विद्यार्थी एमएस-सीआयटी करून आलेले असतात, कुणी कंत्राटी डेटा ऑपरेटर म्हणून कामाला लागलेले असतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. पडद्यावरील शब्द इंग्रजी लिपीत दिसतील, येथे छपाईच्या सोयीसाठी ते देवनागरीत दिले आहेत.

मॅक्रो म्हणजे काय, ते आमच्या बँकेच्या उदाहरणाने सांगतो. ग्राहक स्थायी सूचना देतो, की दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या बचत खात्यातून इतकी रक्कम आवर्ती ठेव खात्यात टाका. सूचना एकदाच लिहायची, काम दर महिन्याला आपोआप होते. मॅक्रो हीदेखील अशीच सूचना होय. ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबले की आपण पुढे जे जे करतो ते एक्सेल लिहून घेते आणि ‘स्टॉप रेकॉर्डिंग’ दाबले की लिहिणे थांबते. हे लिखाण व्हिज्युअल बेसिक नावाच्या भाषेत असते. ‘सब’ या शब्दाने ते सुरू होते, त्यापुढे मॅक्रोचे नाव येते आणि ‘एंड सब’ या शब्दांनी ते संपते. आता बँकेत स्थायी सूचनांची नोंदवही असते. ही नोंदवही दुसऱ्याच कपाटात ठेवली गेली तर सूचना रद्द झाली असे आपण म्हणत नाही. आधी कपाटे शोधतो. एक्सेलमध्येही कपाटे एकाहून अधिक आहेत, आणि सगळा घोळ तेथेच होतो.

जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी हा घोळ इतका नव्हता. १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत ही भाषा आली, तेव्हा नोंदवलेला मॅक्रो त्याच पुस्तिकेत एका वेगळ्या पानावर समोर दिसत असे. एक्सेल ९७ पासून त्याच्यासाठी स्वतंत्र संपादक-खिडकी आली आणि मॅक्रो पानांतून उठून त्या खिडकीत गेला. पुढे २००७ च्या आवृत्तीत फाईलचेच दोन प्रकार झाले. एक मॅक्रो ठेवणारा आणि दुसरा मॅक्रो न ठेवणारा. सोय आणि सुरक्षितता या दृष्टीने हे बदल योग्यच होते, पण सामान्य वापरणाऱ्याच्या नजरेआड बऱ्याच गोष्टी गेल्या.

प्रथम संपादकाविषयी. ऑल्ट ही कळ दाबून एफ ११ दाबली की तो उघडतो. बऱ्याच लॅपटॉपवर त्यासोबत एफएन ही कळही दाबावी लागते. ती न दाबल्यामुळे संगणकाचा आवाजच कमी-जास्त झाल्याचे मी पाहिले आहे. संपादक उघडल्यावर डावीकडे ‘प्रोजेक्ट’ नावाची उभी पट्टी दिसायला हवी. ती कोणीतरी चुकून बंद केलेली असते, आणि मग पडद्यावर काहीच नसते. कंट्रोल आणि आर दाबले की ती परत येते. त्या पट्टीत उघड्या असलेल्या प्रत्येक पुस्तिकेचे नाव असते, त्याखाली ‘शीट १’, ‘शीट २’ आणि ‘धिस वर्कबुक’ अशी नावे असतात. नवशिक्या माणूस साहजिकच ‘शीट १’ वर दोनदा टिचकी मारतो, कारण मॅक्रो त्या पानावर नोंदवलेला असतो. कोरी पांढरी खिडकी उघडते आणि त्याला वाटते, मॅक्रो गेला. वास्तविक नोंदवलेला मॅक्रो पानाच्या नावाखाली कधीच जात नाही. त्याच पट्टीत थोडे खाली ‘मॉड्यूल्स’ नावाची पिवळी घडी असते. तिच्या डावीकडच्या अधिक चिन्हावर टिचकी मारली की आत ‘मॉड्यूल १’ निघते, आणि त्यावर दोनदा टिचकी मारली की लिखाण समोर येते.

येथेही एक गंमत आहे. आज नोंदवलेला मॅक्रो मॉड्यूल १ मध्ये जातो. फाईल बंद केली, दुसऱ्या दिवशी उघडली आणि नवा मॅक्रो नोंदवला, की एक्सेल त्याच्यासाठी मॉड्यूल २ तयार करते. आपण सवयीने मॉड्यूल १ उघडतो, त्यात कालचाच मॅक्रो दिसतो, आजचा दिसत नाही. अभ्यासिकेतील एका मुलाने अशा रीतीने एकच मॅक्रो चार वेळा नोंदवला होता. मॉड्यूल पाचपर्यंत गेली होती आणि चारही प्रती सुखरूप होत्या. आणखी एक बारीक जागा म्हणजे लिखाणाच्या खिडकीच्या अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यातील दोन छोटी बटणे. एकाने मॉड्यूलमधील सर्व मॅक्रो एकाखाली एक दिसतात, दुसऱ्याने एका वेळी एकच दिसतो. दुसरे बटण दाबले गेले असेल तर बाकीचे मॅक्रो पुसले गेल्यासारखे वाटतात.

शोधाशोध टाळण्याचा साधा मार्ग म्हणजे संपादकात न जाता एक्सेलमध्येच ऑल्ट आणि एफ ८ दाबणे. मॅक्रोंची यादी येते. तिच्या खाली ‘मॅक्रोज इन’ अशी एक ओळ असते, तेथे ‘ऑल ओपन वर्कबुक्स’ निवडावे. यादीत नाव सापडले की ‘एडिट’ दाबावे. एक्सेल स्वतःच आपल्याला बरोबर त्या मॉड्यूलमध्ये नेऊन सोडते. पत्ता विचारत फिरण्यापेक्षा पोस्टमनलाच सोबत घेऊन जावे, तसे हे आहे. या यादीत नाव असेल तर मॅक्रो जिवंत आहे असे समजावे. तेथे नसेल तर मात्र पुढचे वाचावे.

आता कपाटांविषयी, कारण माझी स्वतःची चूक येथेच झाली होती. ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबल्यावर एक छोटा डबा येतो. त्यात मॅक्रोचे नाव, सोपी कळ आणि ‘स्टोअर मॅक्रो इन’ अशी एक ओळ असते. नाव आपण हौसेने टाकतो, कळही निवडतो, पण त्या तिसऱ्या ओळीकडे पाहत नाही. तेथे तीन पर्याय असतात. ‘धिस वर्कबुक’ म्हणजे हीच फाईल, ‘न्यू वर्कबुक’ म्हणजे एक नवी कोरी फाईल, आणि ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ म्हणजे त्या संगणकावरील आपली खासगी पुस्तिका. नवी फाईल निवडली तर मागे एक कोरी पुस्तिका उघडते आणि मॅक्रो तिच्यात जातो. काम झाल्यावर ती कोरी दिसते म्हणून आपण ती न जतन करताच बंद करतो. मॅक्रोही तिच्याबरोबर जातो.

खासगी पुस्तिकेचे प्रकरण जरा निराळे आहे. तिचे नाव पर्सनल असते, ती एक्सेल सुरू होताच आपोआप उघडते, पण लपलेली असते. तिच्यातील मॅक्रो कोणत्याही फाईलमध्ये चालतो, म्हणून ती सोयीची वाटते आणि जाणकार लोक तिची शिफारसही करतात. परंतु ती फाईलबरोबर प्रवास करीत नाही. ज्या संगणकावर, आणि त्या संगणकावरील ज्या नावाने प्रवेश केला असेल त्याच नावाखाली, ती राहते. यादीची फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन हिंगणघाटला गेलात तर यादी येईल, मॅक्रो येणार नाही. तो वर्ध्यातच, कार्यालयाच्या संगणकात बसून राहील. शिवाय एक्सेल बंद करताना शेवटी एक प्रश्न येतो, खासगी पुस्तिकेत केलेले बदल जतन करायचे का. आपण यादीची फाईल आधीच जतन केलेली असते, घरी जायची घाई असते, आणि हा कुठला नवा प्रश्न म्हणून आपण ‘नाही’ दाबतो. तेवढ्याने त्या दिवशीचे सर्व मॅक्रो संपतात.

संपादकाच्या पट्टीत पर्सनल नावाचा वेगळा प्रकल्प दिसतो, त्याच्या मॉड्यूल्समध्ये जाऊन तेथील लिखाण पाहता येते. ऑल्ट-एफ ८ च्या यादीतून ‘एडिट’ दाबल्यास मात्र, लपलेल्या पुस्तिकेतील मॅक्रो बदलता येत नाही, असा संदेश येतो. त्याने घाबरू नये. ‘व्ह्यू’ या पट्टीतील ‘अनहाइड’ दाबून ती पुस्तिका प्रकट करावी, काम झाले की पुन्हा लपवावी. कधी वीज जाते किंवा एक्सेल मध्येच गोठून बंद पडते, आणि त्यानंतर ही खासगी पुस्तिका उघडणेच थांबते. एक्सेलने तिला संशयित ठरवून बाजूला ठेवलेले असते. ‘फाईल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘ॲड-इन्स’ येथे जावे. खाली ‘मॅनेज’ या ओळीत ‘डिसेबल्ड आयटेम्स’ निवडून ‘गो’ दाबावे. यादीत पर्सनलचे नाव असेल तर ते निवडून ‘एनेबल’ करावे आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडावे. आमच्याकडील भारनियमनाच्या काळात हा उपाय माहीत असता तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता.

मग माझे काय झाले होते? मी ‘धिस वर्कबुक’ हेच निवडले होते, म्हणजे कपाट बरोबर होते. चूक झाली ती फाईलच्या प्रकारात. फाईल साध्या प्रकाराची होती, जिच्या नावाच्या शेवटी एक्स एल एस एक्स अशी अक्षरे येतात. या प्रकारच्या फाईलला मॅक्रो ठेवण्याची जागाच नसते. तरीसुद्धा तिच्यात मॅक्रो नोंदवता येतो, चालवता येतो, चिटणीसांना दाखवताही येतो! एक्सेल तोवर अक्षराने काही बोलत नाही. जतन करताना मात्र ते विचारते, की या फाईलमध्ये व्हिज्युअल बेसिकचा प्रकल्प ठेवता येत नाही, मॅक्रोविना जतन करू का? बटणांवरची अक्षरे आवृत्तीनुसार बदलतात, अर्थ एकच. मी ‘होय’ म्हटले. बँकेत दिवसभर संगणकाच्या प्रश्नांना ‘होय’ म्हणण्याची इतकी सवय झालेली असते, की प्रश्न वाचण्याआधी बोट पुढे गेलेले असते.

यावर दिलासा देणारी एक गोष्ट नंतर कळली. ‘होय’ म्हटल्यावरही फाईल उघडी आहे तोपर्यंत मॅक्रो तिच्यात जिवंत असतो. फाईल बंद केली की जातो. म्हणजे चूक लगेच ध्यानात आली तर ‘सेव्ह ॲज’ करून प्रकाराच्या यादीतून ‘मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ निवडावे. शेवटची अक्षरे एक्स एल एस एम अशी होतात आणि मॅक्रो वाचतो. बंद केलेल्या साध्या फाईलमधून मात्र तो कोणत्याही उपायाने परत येत नाही, कारण तो तेथे लिहिलाच गेलेला नसतो. अशा वेळी संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन पैसे घालवू नयेत, मॅक्रो पुन्हा नोंदवावा. फाईलची शेवटची अक्षरे दिसत नसतील तर विंडोजच्या फाईल-खिडकीत ‘व्ह्यू’ मध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करावे. निम्मे घोटाळे ही अक्षरे न दिसल्यामुळे होतात, असे माझे मत झाले आहे.

आता आपल्या मराठी माणसांच्या एका खास अडचणीकडे वळतो. ही अडचण इंग्रजीत काम करणाऱ्याला येतच नाही, म्हणून तिच्याविषयी फारसे कुणी सांगतही नाही. पुढच्या वर्षी मी मॅक्रो काळजीपूर्वक नोंदवला, योग्य प्रकारात जतन केला. चालवला तर एक्सेलने ‘चूक क्रमांक ९’ असे सांगून हात वर केले. संपादक उघडला, मॉड्यूल उघडले. मॅक्रो जागेवर होता. पण मी पानांना जी मराठी नावे दिली होती त्यांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे उभी होती. घर आहे पण माणसे नाहीत, अशी अवस्था.

कारण असे, की एक्सेलची पाने युनिकोड जाणतात, म्हणून चौकटींत देवनागरी व्यवस्थित लिहिता येते. संपादक मात्र अजूनही जुन्या पद्धतीचा आहे. त्याला एका वेळी एकाच जुन्या अक्षरसंचातील अक्षरे कळतात, आणि विंडोजच्या त्या जुन्या संचांमध्ये देवनागरीसाठी संच केलाच गेला नाही. त्यामुळे न कळणाऱ्या प्रत्येक चिन्हाजागी तो एक प्रश्नचिन्ह टाकतो. प्रत्येक चिन्हाजागी, प्रत्येक अक्षराजागी नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. ‘वर्धा’ हा शब्द आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. पण संगणकाच्या दृष्टीने त्यात व, र, हलन्त, ध आणि काना अशी पाच चिन्हे आहेत. म्हणून वर्ध्याची पाच प्रश्नचिन्हे होतात. सेलूची चार, कारंजाची सहा, हिंगणघाटची आठ, समुद्रपूरची नऊ. आणि देवळी, आर्वी, आष्टी? त्यांचीही पाच-पाचच. म्हणजे संपादकाच्या लेखी वर्धा, देवळी, आर्वी आणि आष्टी हे चारही तालुके एकसारखे! ज्या पानाचे नाव पाच प्रश्नचिन्हे आहे असे पान फाईलमध्ये नाही, म्हणून मॅक्रो अडतो.

पानाच्या नावावर मॅक्रो अडतो हे एका परीने बरेच, कारण चूक कळते. चौकटीत टाइप केलेल्या मजकुराचे तसे नसते. नोंदवताना आपण शीर्षकाच्या चौकटीत मराठी मजकूर टाइप केला असेल, तर मॅक्रो कुठलीही तक्रार न करता पुढच्या वेळी त्या चौकटीत प्रश्नचिन्हे लिहून मोकळा होतो. आपले चांगले शीर्षकही पुसले जाते. मराठी आकडेसुद्धा यातून सुटत नाहीत.

यावर मी करतो तो उपाय साधा आहे, त्यासाठी भाषा शिकावी लागत नाही. मॅक्रो नोंदवत असताना मराठीत काहीही टाइप करायचे नाही. लागणारी सर्व शीर्षके आधीच एका वेगळ्या पानावर लिहून ठेवायची आणि नोंदवताना तेथून नक्कल करून इच्छित जागी चिकटवायची. मग मॅक्रोत मजकूर नोंदवला जात नाही, फक्त चौकटीचा पत्ता नोंदवला जातो, आणि पत्ता इंग्रजी अक्षरांत असल्यामुळे संपादकाला तो समजतो. पानांना नावे इंग्रजी अक्षरांत द्यायची. छापील कागदावर पानाचे नाव येत नसल्याने काही बिघडत नाही. मराठीच नावे हवी असतील तर संपादकातील पट्टीत पानाच्या मराठी नावाआधी ‘शीट ३’ असे त्याचे अंतर्गत नाव दिसते, ते मॅक्रोच्या ओळीत वापरता येते. आपण बाहेरचे नाव कितीही बदलले तरी ते बदलत नाही. जे विद्यार्थी पुढे ही भाषा शिकणार आहेत त्यांच्यासाठी तिसराही मार्ग आहे. प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये क्रमांक असतो, आणि तो क्रमांक देऊन संपादकाकडून ते चिन्ह उमटवून घेता येते. व चा क्रमांक २३५७, र चा २३५२, हलन्ताचा २३८१, ध चा २३४३, कान्याचा २३६६. एवढे पाच आकडे एकापुढे एक जोडले की वर्धा होते. मी एकदा हौसेने केले, पुन्हा केले नाही.

आपल्या मंडळाच्या जुन्या फाईली श्री-लिपीसारख्या पद्धतीत आहेत, त्यांना ही अडचण का येत नाही, असे एकाने विचारले होते. त्या काळी फॉन्ट नुसता मुखवटा असे. आत इंग्रजी संचातीलच चिन्हे असत, वर मराठी वळण दिसे. म्हणून संपादकात त्या मजकुराच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात, पण मॅक्रो बिनचूक चालतो. तेवढ्यासाठी जुन्या पद्धतीकडे परत जावे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्या फाईली आज दुसरीकडे उघडल्या की वाचता येत नाहीत.

फोनविषयी थोडे. आजकाल फाईल व्हॉट्सॲपवर जाते आणि फोनवरच उघडली जाते. फोनवरील एक्सेलमध्ये यादी दिसते, मॅक्रो चालत नाही. ब्राउझरमधून उघडलेल्या एक्सेलमध्येही हे मॅक्रो नोंदवता किंवा चालवता येत नाहीत. तीच फाईल संगणकावर उतरवून घेतली तर प्रथम ती संरक्षित अवस्थेत उघडते, वर पिवळी पट्टी असते, आणि तोपर्यंत संपादकात तिचे नावच येत नाही. ‘एनेबल एडिटिंग’ दाबल्यावर येते. त्यानंतरही लाल पट्टी येऊन मॅक्रो रोखला असल्याचे सांगितले जाते; २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाईलींसाठी मायक्रोसॉफ्टने हा नियम केला आहे. फाईल आपल्याच माणसाने पाठवली आहे अशी खात्री असेल, आणि तेवढ्यापुरतेच, फाईलवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’ मध्ये ‘अनब्लॉक’ ची खूण करावी. अनोळखी फाईलच्या बाबतीत हे मुळीच करू नये. मॅक्रो यादी लावू शकतो तसा यादी पुसूही शकतो, आणि मॅक्रोने केलेले काम कंट्रोल-झेड दाबून परत घेता येत नाही. अनेक कार्यालयांनी आपल्या संगणकांवर मॅक्रो पूर्णपणे बंद ठेवलेले असतात. तेथे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनी खटपटी करून ते चालू करण्याच्या फंदात पडू नये, रीतसर परवानगी मागावी.

मंडळाच्या कार्यालयात आता अशी व्यवस्था केली आहे. यादीची मूळ फाईल मॅक्रो-एनेबल्ड प्रकारात आहे, ती संगणकावर आणि दोन पेन ड्राइव्हवर ठेवली आहे. संपादकात मॉड्यूलच्या नावावर उजवी टिचकी मारून ‘एक्स्पोर्ट फाईल’ केले की मॅक्रोचे लिखाण एका वेगळ्या छोट्या फाईलमध्ये निघते. तीही सोबत आहे. उद्या मूळ फाईल बिघडली तर ‘इम्पोर्ट फाईल’ करून तो मॅक्रो दुसऱ्या पुस्तिकेत घालता येईल. त्याच लिखाणाचा एक छापील कागद कार्यालयाच्या नोंदवहीत चिकटवला आहे. तीस-चाळीस ओळींचा मजकूर आहे, वेळ आली तर अभ्यासिकेतील कोणताही विद्यार्थी पाहून उतरवू शकेल.

एक गोष्ट मॅक्रो सापडल्यावरही पाहावी लागते. नोंदवताना पानावर जितक्या ओळी होत्या तितक्याच ओळींचा पत्ता त्याच्यात लिहिला गेलेला असतो. त्या वर्षी १६० अर्ज असतील आणि पुढच्या वर्षी १७५ आले, तर शेवटचे १५ विद्यार्थी क्रमवारीच्या बाहेर तसेच खाली पडून राहतात, आणि छपाईची सीमा आखून दिलेली असेल तर कागदावर येतच नाहीत. मॅक्रो मात्र बिनतक्रार पूर्ण होतो. म्हणून आम्ही मॉड्यूल उघडून तो शेवटचा आकडा १००० केला आहे. आणि अर्जांच्या आवक नोंदवहीतील शेवटचा क्रमांक व छापलेल्या यादीतील एकूण संख्या चिटणीस स्वतः शाईच्या पेनने शेजारी-शेजारी लिहितात. ते दोन आकडे जुळले की मगच यादी फलकावर लागते.